साडेतीन टनी कॅराव्हॅनसाठी मोठा अमेरिकन ट्रक घ्यावा का? (ऑस्ट्रेलिया)

वळणवाट (मेलबर्न)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण निर्णय मोठ्या रकमेचा आहे, म्हणून सगळं सांगतो.

आम्ही चौघे: मी, बायको, ११ आणि ८ वर्षांची मुलं. टार्नीटला राहतो. चार वर्षांपासून २० फुटी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) आहे, ती आयसुझू डी-मॅक्स युटला, म्हणजे मागे हौदा असलेल्या गाडीला, जोडून फिरतो. आता मुलं मोठी झाली, बंक अपुरे पडतात, म्हणून २३ फुटी व्हॅन पाहतोय. तिचा एटीएम ३५०० किलो, म्हणजे सामानसुमान भरून तिचं जास्तीत जास्त एवढं वजन चालतं. विक्रेता म्हणाला, "तुमची युट साडेतीन टन ओढते, तेव्हा काळजीच नको." कागदावर तसं लिहिलंही आहे.

पण मागच्या महिन्यात जे झालं त्याने माझी झोप उडाली आहे. हॉल्स गॅपहून परत येत होतो. वेस्टर्न फ्रीवेला पेंटलँड हिल्सचा उतार लागतो ना, बॅकस मार्शच्या आधी, तिथे एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला आणि आमची व्हॅन डुलायला लागली. आधी थोडी, मग दर हेलकाव्याला जास्त. आरशात व्हॅनची एकदा डावी बाजू दिसायची, एकदा उजवी. स्टिअरिंग हातात होतं, पण गाडी माझ्या ताब्यात नव्हती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, कसंबसं सावरलं, पुढच्या थांब्यावर गाडी लावली. मुलगी रडत होती. माझे हात दहा मिनिटं थरथरत होते.

बाबा फलटणहून आलेत, तेही बरोबर होते. खाली उतरून त्यांनी व्हॅनभोवती एक फेरी मारली, मागे लटकवलेल्या तीन सायकली पाहिल्या, मागच्या पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडी उलाळ झालीय तुझी." मी तेव्हा वैतागलेलो होतो, लक्ष दिलं नाही.

बायकोचं म्हणणं, ओढणारी गाडीच मोठी घेऊ. राम १५००, शेवरोले सिल्व्हराडो, फोर्ड एफ-१५०, टोयोटा टुंड्रा, सगळ्यांची क्षमता ४५०० किलो लिहिलेली आहे. किंमत लाखाच्या वर, टुंड्रा तर दीड लाख डॉलरच्याही पुढे. कर्ज काढावं लागेल. ज्यांनी हे ट्रक घेतलेत त्यांनी खरं काय ते सांगावं. आणि युटवरच नवी व्हॅन ओढणारं कुणी असेल तर त्यांनीही.

लोखंडी_चाक (ब्रिस्बेन)

सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. माझ्याकडे तीन वर्षांपासून राम १५०० आहे, मागे ३४०० किलोची व्हॅन. ट्रकवर माझा जीव आहे, तरी सांगतो: ३५०० आणि ४५०० हे दोन्ही आकडे आधी बाजूला ठेवा. तो गाडीच्या ओढण्याचा आकडा आहे. तुम्हाला अडवणार आहेत ते जीव्हीएम आणि जीसीएम.

जीव्हीएम म्हणजे ओढणाऱ्या गाडीचं माणसं, सामान, इंधन आणि टोबॉलवर (गाडीमागच्या ज्या गोळ्याला व्हॅन जोडतात त्यावर) पडणारा भार धरून जास्तीत जास्त वजन. जीसीएम म्हणजे गाडी आणि व्हॅन दोन्ही मिळून. तुमच्या डी-मॅक्सचा जीव्हीएम ३१०० आणि जीसीएम ५९५० असावा, दाराच्या चौकटीवरच्या पाटीशी ताडून घ्या. ५९५० मधून ३५०० ची व्हॅन वजा करा. उरले २४५०. त्यात रिकामी युट, बुलबार (पुढचा लोखंडी कठडा), मागची कॅनपी (हौद्यावरची बंद पेटी), फ्रीज, चौघेजण, भरलेली टाकी, सगळं बसवायचं. माझ्या अंदाजाने तुम्ही आजच २४५० च्या वर आहात. म्हणजे विक्रेता खोटं बोलला नाही. ती युट साडेतीन टन ओढते, फक्त आत एकटा ड्रायव्हर आणि फारसं सामान नसेल तेव्हा.

आता माझ्या ट्रकचं बघा, म्हणजे मी एकतर्फी लिहितोय असं वाटणार नाही. राम १५०० चा जीव्हीएम ३४५० किलो. रिकामा ट्रकच २७०० च्या आसपास. म्हणजे वर ठेवायला राहिले सातशे-साडेसातशे किलो, मॉडेलप्रमाणे थोडं इकडेतिकडे. व्हॅनच्या वजनाच्या १० टक्के भार टोबॉलवर यावा असा ठोकताळा आहे. ४५०० ची व्हॅन जोडलीत तर ४५० किलो तिथेच गेले. उरलेल्या अडीचशे-तीनशेत चार मोठी माणसं बसली की संपलं, बॅगसुद्धा टाकायची सोय नाही. हे कुणी जाहिरातीत सांगत नाही, आणि याच कारणाने लोक ट्रक घेऊन फसतात. ३५०० च्या व्हॅनला मात्र हिशोब बसतो: टोबॉलवर ३५०, वर साडेतीनशे-चारशे किलो माणसं आणि सामान. ट्रकवर जड कॅनपी चढवायची नाही, एवढं पथ्य पाळायचं.

आणखी एक. ५० मिलिमीटरचा टोबॉल ३५०० किलोपर्यंतच चालतो. त्याच्या वर ७० मिलिमीटरचा लागतो, आणि व्हॅनचं कपलिंगही (टोबॉलवर बसणारी खोबण) त्याच मापाचं लागतं. म्हणजे ट्रक ४५०० चा असला तरी टोबॉल ५० चा असेल तर तुम्ही ३५०० वरच आहात.

रानवारा (शेपर्टन)

चाकदादांनी वजनाचं छान सांगितलं. मी डोलण्याबद्दल लिहितो, कारण मला वाटतं वळणवाट यांचा प्रश्न ट्रकचा नाहीच.

तुमच्या बाबांचा शब्द वाचून मी खुर्चीतून उठलो. उलाळ! आजोबांच्या तोंडून ऐकलेला शब्द. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं, गाडी मागे कलते, तिला उलाळ म्हणतात. उलट पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर नुसतं ओझं पडतं. म्हणून ऊस भरताना जुनी माणसं जू हाताने उचलून बघायची. मानेवर थोडा भार हवाच, पण बेताचा. टोबॉलवर १० टक्के म्हणजे दुसरं काय आहे?

कॅराव्हॅनमध्ये उलाळ जास्त घातक, कारण वेग १०० चा असतो. मागच्या टोकाला सायकली, पेटी, दोन स्पेअर चाकं टांगली की व्हॅन लंबकासारखी वागते. एकूण वजन तेवढंच असलं तरी ते आसापासून जितकं लांब तितका झोका मोठा. शेजारून ट्रक गेला की हवेचा दाब व्हॅनला आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो, आणि झोका सुरू होतो. उतारावर व्हॅन मागून ढकलत असते, त्यामुळे तो वाढत जातो. तुमच्याबाबतीत तिन्ही गोष्टी एकाच जागी जमल्या.

ट्रक मोठा असल्याचा फायदा होतो, नाही असं नाही. ओढणारी गाडी जड आणि लांब असली की शेपटीने तिला हलवणं अवघड जातं. डी-मॅक्सच्या दोन आसांमधलं अंतर ३१२५ मिलिमीटर, राम १५०० चं ३६७२. हा फरक जाणवतो. पण उलाळ व्हॅन ट्रकमागे लावली तरी ती उलाळच. फक्त डोलायला लागेपर्यंत तुमचा वेग जास्त वाढलेला असेल.

पुन्हा असं झालं तर ट्रकचा किंवा युटचा ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळू सोडा आणि डॅशबोर्डवरच्या इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलरने फक्त व्हॅनचे ब्रेक हाताने लावा. व्हॅन मागे ताणली जाते आणि सरळ होते. हे बटण कुठे आहे ते शेजारी बसणाऱ्यालाही माहीत हवं. आमच्या घरात माझी मुलगी डोळे मिटून दाखवते.

आधी टोबॉलवरचा भार मोजा. त्याचा छोटा काटा कॅराव्हॅनच्या दुकानात मिळतो. मग भरलेल्या गाड्या वजनकाट्यावर चढवा. तोपर्यंत कर्जाच्या कागदावर सही करू नका, हात जोडून सांगतो.

पर्थकरीण (पर्थ)

मी सिल्व्हराडो चालवते. हो, मीच चालवते, नवरा शेजारी बसून नकाशा बघतो. गेल्या वर्षी मेलबर्नहून पर्थला शिफ्ट झालो तेव्हा नलारबॉरचं ओसाड माळरान पार केलं, मागे ३३०० किलोची व्हॅन. इंधनाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

व्ही-८ पेट्रोल, टाकी ९१ लिटर. शहरात रिकामी असताना खर्च सोसतो. व्हॅन मागे लागली की १०० किलोमीटरला २२-२३ लिटर धरा. सेदूनाच्या पुढे समोरून वारा लागला तेव्हा २७ झाले. म्हणजे भरल्या टाकीवर साडेतीनशे किलोमीटरसुद्धा छातीठोकपणे सांगता येत नाहीत. केग्युना ते बॅलाडोनिया १८२ किलोमीटर, त्यातले १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. मी काट्याकडे बघत ८५ वर चालवत होते आणि प्रत्येक रोडहाउसला टाकी भरत होते, अर्धी असली तरी. आत दुर्गम भागात जायचं तर बऱ्याच ठिकाणी कमी ॲरोमॅटिक घटकांचं (हुंगून नशा होऊ नये म्हणून बनवलेलं) ९१ ऑक्टेनचं ओपल पेट्रोलच मिळतं, प्रीमियम नाही. तुमच्या इंजिनाला ते चालतं का हे निघण्याआधी बघा. नुसतं लांबच फिरायचं असेल तर डिझेलचाच विचार करा, मग तो २५०० वर्गातला मोठा ट्रक असो की लँडक्रूझर.

पण चढावर, ओव्हरटेक करताना आणि वाऱ्यात तो ट्रक ज्या शांतपणे चालतो ना, त्याला तोड नाही. पूर्वी मी टोयोटा प्रॅडोवर व्हॅन ओढायचे तेव्हा संध्याकाळी खांदे दुखायचे. आता ६०० किलोमीटर चालवूनही रात्री चौघांचा स्वयंपाक करते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात येणाऱ्यांना सूचना: बॉर्डर व्हिलेजला क्वारंटाइन तपासणी आहे. ताजी फळं, भाज्या, मध आत नेऊ देत नाहीत. माझी लिंबं गेली, मधाची बाटली गेली, आणि कुंडीतला कढीपत्ता गेला, सहा वर्षांचा होता. अधिकारी बाई खूप सौजन्याने बोलली, तरी मी पुढचे पन्नास किलोमीटर गप्प होते. आणि इथे व्हॅन ओढताना १०० च्या वर जायचं नाही, पाटी ११० ची असली तरी.

निळी_छत्री (सिडनी)

मी या धाग्यावर थोडं वेगळं बोलणार आहे, रागावू नका.

आमच्या शाळेच्या गल्लीत सकाळी साडेआठला असे चार-पाच ट्रक उभे असतात. त्यांच्यामागे व्हॅन नसते. एकटं मूल उतरतं आणि ट्रक ऑफिसला जातो. त्याचं बॉनेट माझ्या खांद्याला लागतं. माझी सहा वर्षांची मुलगी त्याच्या पुढून गेली तर ड्रायव्हरला दिसतच नाही. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली.

वर्षातले २५ दिवस व्हॅन ओढायची म्हणून उरलेले ३४० दिवस आपण दुसऱ्यांच्या मुलांपुढे हे काय उभं करतो, याचाही हिशोब जीव्हीएमइतकाच करा, एवढीच विनंती.

लोखंडी_चाक (ब्रिस्बेन)

ताई, राग कसला. हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं. मी ट्रक घेतला तेव्हा घरात ठरवलं की तो शाळेत आणि दुकानात न्यायचा नाही. त्यासाठी जुनी कोरोला ठेवली आहे. ट्रकला पुढचा कॅमेरा आहे, पण कॅमेरा बघायची सवय सगळ्यांना नसते हे मान्य.

तसंही तो रोज नेणं जमत नाही. लांबी ५.९ मीटर, रुंदी आरसे सोडून जवळजवळ २.१. इथल्या पार्किंगचा नेहमीचा चौकोन ५.४ बाय २.४. मागून किंवा पुढून अर्धा मीटर बाहेर राहतोच, आणि दार उघडून उतरायचं म्हणजे पोट आत घ्यावं लागतं. वळणवाट, आधी तुमच्या गॅरेजची लांबी मोजा. नव्या वसाहतींतल्या गॅरेजमध्ये ५.९ चा ट्रक घातला की शटर लागत नाही, मी दोन मित्रांकडे पाहिलंय.

गावठाण (बेंडिगो)

परवान्याचा मुद्दा राहिला. साध्या कार लायसन्सवर ४.५ टन जीव्हीएमपर्यंतच गाडी चालवता येते. राम २५०० चा जीव्हीएम ४४९५ ठेवलाय तो याचसाठी, सीमेच्या ५ किलो अलीकडे. त्याच्या वर गेलात की लाइट रिजिड (छोट्या मालट्रकचा) परवाना काढावा लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये ४.५ टनांच्या वर जीसीएम असेल तर ओढताना १०० ची मर्यादा आहे, हेही ध्यानात ठेवा.

माझ्याकडेही अमेरिकन ट्रक आहे, कंपनीचं नाव घेत नाही. मागच्या दिव्याचा एक संच फुटला तर नवा यायला सात आठवडे लागले. हे ट्रक डाव्या स्टिअरिंगचे येतात, इथे मेलबर्नला त्यांचा डॅशबोर्ड, स्टिअरिंग, वायरिंग सगळं काढून उजव्या हाताचे बनवतात. फोर्डचं काम आरएमए करते, बाकीच्यांपैकी बऱ्याच ट्रकांचं वॉकिन्शॉ. काम उत्तम असतं, मला त्यात खोट दिसली नाही. पण सुट्या भागांची साखळी लांब आहे. दूर उत्तरेकडच्या कूनुनुराला ट्रक बंद पडला तर टोयोटा हायलक्सचा भाग शेजारच्या गॅरेजमध्ये असेल, तुमचा नसेल. ज्यांना आतल्या रस्त्यांवर महिनोन्महिने राहायचंय त्यांनी याला फार वजन द्यावं.

सातू (ॲडलेड)

उताराबद्दल दोन ओळी. आमच्याकडे साउथ ईस्टर्न फ्रीवे टेकड्यांवरून थेट ग्लेन ऑस्मंडच्या सिग्नलपर्यंत उतरतो. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी तिथे खडीचे दोन पट्टे केलेले आहेत, यावरून उताराची कल्पना येईल. साडेतीन टन मागे घेऊन तिथे उतरताना मोठ्या इंजिनाची खरी किंमत कळते. गिअर खाली टाकला की व्ही-८ गाडीला धरून ठेवतो, ब्रेकला क्वचितच पाय लावावा लागतो. छोट्या टर्बो डिझेल युटवर मी तळाशी पोचेपर्यंत ब्रेकचा वास यायचा.

आणि व्हॅनचे ब्रेक! २ टनांच्या वरच्या व्हॅनला सगळ्या चाकांना ब्रेक आणि सुटल्यास आपोआप लागणारी ब्रेकअवे यंत्रणा हवीच, तो कायदा आहे. ती बॅटरीवर चालते. ब्रेकअवेची पिन ओढून चाकं लॉक होतात का हे शेवटचं कधी तपासलंत?

वळणवाट (मेलबर्न)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शनिवार, सकाळी सहाला उठून बायको-मुलं आणि बाबांना घेऊन सार्वजनिक वजनकाट्यावर गेलो. आम्ही हॉल्स गॅपला जसे गेलो होतो तसंच सगळं भरलं होतं, सायकली, पेटी, पाण्याची टाकी, बिछाने, अगदी तांदळाचा डबासुद्धा.

बाबा काट्यावर एकदम घरच्यासारखे वावरले. फलटणला कारखान्याच्या काट्यावर त्यांनी आयुष्यभर ऊस मोजलाय. भरली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन. त्यांनी खिशातून वही काढली आणि तीन रकाने आखले.

युट, आत आम्ही चौघे, व्हॅन सोडवून: २६८० किलो. व्हॅन एकटी: २९००. टोबॉलवरचा भार काट्याने मोजला: १९०. म्हणजे साडेसहा टक्के.

चाकदादा, तुमचा अंदाज अचूक. ३५०० ची नवी व्हॅन जोडली असती तर ६१८० झाले असते, ५९५० च्या २३० किलो वर. विम्यानेही हात वर केले असते. आणि रानवारा, तुम्ही आणि बाबा दोघेही बरोबर. त्यांच्यासमोर मोबाइलवर तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. ते काही बोलले नाहीत, दोनदा मान हलवली.

मग त्यांनी तिथेच काट्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत काम काढलं. मागच्या सायकली आणि त्यांचं स्टँड, साठ किलो, युटमध्ये घेतलं. मागची हत्यारांची पेटी, चाळीस किलो, व्हॅनच्याच पुढच्या बूटमध्ये (सामानाच्या कप्प्यात) हलवली. तेवढंच. पुन्हा मोजलं. टोबॉलवर २८५. व्हॅन २८४०. दहा टक्के. सायकली धरून युट २७४०, वर टोबॉलचे २८५, झाले ३०२५, म्हणजे ३१०० च्या आत. दोन्ही मिळून ५५८०.

येताना वेस्टर्न रिंग रोडवर मुद्दाम मोठ्या ट्रकांच्या शेजारून गेलो. व्हॅन जराशी हलते आणि थांबते. पुन्हा झोका घेत नाही.

रानवारा (शेपर्टन)

वा. शंभर किलो सामान इकडचं तिकडे केलं आणि टोबॉलवर ९५ किलो वाढले. हे वाचून आज माझा दिवस चांगला गेला.

एक सावधगिरी: टोबॉल मागच्या आसाच्या बराच मागे असतो, म्हणून तिथे २८५ ठेवले की मागच्या आसावर त्याहून जास्त येतात आणि पुढची चाकं हलकी होतात. मागच्या आसाची मर्यादा वेगळी असते, ती पाटीवर बघा. सायकलीही आता त्याच बाजूला आल्यात. काट्यावर पुढच्या वेळी फक्त मागची चाकं चढवून वजन घ्या. मर्यादेच्या जवळ असाल तर वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचाही (टोबॉलवरचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारा जोड) विचार करा, पण तुमच्या कपलिंगला तो चालतो का हे निर्मात्याला विचारून.

पर्थकरीण (पर्थ)

पाण्याच्या टाक्या किती भरल्या होत्या? १०० लिटर म्हणजे १०० किलो. आम्ही मुक्कामाला पाणी मिळणार असेल तर एकच टाकी भरतो, आसाच्या पुढची. आणि व्हॅनच्या पाटीवरचं टेअर वजन, म्हणजे रिकाम्या व्हॅनचं, पुष्कळदा एसी, ऑनिंग (बाजूचं कापडी छत), सोलर, गॅस हे नंतर बसवलेलं धरत नाही. नवी व्हॅन घेतलीत तर ताबा घेण्याआधी रिकामीच काट्यावर चढवा.

वळणवाट (मेलबर्न)

एक टाकी भरली होती, ९५ लिटर, आणि ती नेमकी आसाच्या मागची. आता पुढचीच भरणार.

रानवारा, मागच्या आसाचं लिहून ठेवलं, पुढच्या शनिवारी पुन्हा जातो.

निर्णय सांगतो. आज दुपारी बायकोला घेऊन ट्रक बघायला गेलोच, तिचं मन होतं. चालवला. खूप सुंदर गाडी आहे, खोटं का बोलू. बायको म्हणाली, घरी नेऊन बघू. आमचं गॅरेज आतून ५.७ मीटर. तिथेच तो विषय संपला नाही, पण निम्मा संपला. उरलेला निम्मा आम्ही रात्री जेवणानंतर कागद घेऊन संपवला. वर्षाला आम्ही साधारण ३० दिवस फिरतो. कर्जाचा हप्ता, विमा, पेट्रोल, आणि निळी_छत्री ताईंनी लिहिलेली शाळेची गल्ली. दुसरी छोटी गाडी ठेवायला आमच्याकडे जागा नाही, त्यामुळे तो ट्रक रोज शाळेत गेला असता. बायकोनेच ते वाक्य वाचून दाखवलं.

तर दोन वर्षं हीच व्हॅन. मुलाला वरचा बंक लांब करून देतोय, चार इंच वाढवता येतात असं कॅम्पबेलफील्डच्या एका कारागिराने सांगितलं. तोवर मोठी व्हॅन हवीच वाटली तर आधी ३००० च्या आतली शोधेन.

लोखंडी_चाक (ब्रिस्बेन)

योग्य केलंत. मी स्वतः ट्रक विकणार नाही, आम्ही दोघे वर्षातले पाच महिने रस्त्यावर असतो आणि ३४०० च्या व्हॅनला त्याच्याखेरीज पर्याय मला पटत नाही. तुमचं गणित वेगळं आहे. काट्याच्या पावत्या जपून ठेवा, रस्त्यात पोलिसांनी वजनाला थांबवलं तर निदान आपण कुठे आहोत हे आपल्याला माहीत असतं.

निळी_छत्री (सिडनी)

वळणवाट, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

सातू (ॲडलेड)

आणि ब्रेकअवेची पिन?

वळणवाट (मेलबर्न)

सातू, काल ओढून पाहिली. चाकं लॉक झाली नाहीत. बॅटरी मेलेली होती, कधीपासून ते देवाला ठाऊक. पेंटलँड हिल्सला आम्ही त्याच बॅटरीवर होतो. नवी आणली, बाबांनी बसवली, पिन ओढली, व्हॅन युटने पुढे खेचून बघितली, दोन्ही बाजूंची चाकं घासत गेली. ड्राइव्हवेवर चार काळे पट्टे उमटलेत.

बाबा पुढच्या रविवारी परत जातायत. त्याआधी त्यांना एकदा लेक्स एन्ट्रन्सला नेतोय, दोन रात्री. सामानाची यादी तेच करतायत, प्रत्येक वस्तूपुढे किलो लिहून.